दोरीवरचं धुणं उतरवू नका: आमच्या सोसायटीच्या समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समितीने एक फोटो टाकला. खालच्या बागेतून मान वर करून काढलेला. बी विंगमधल्या एका बाल्कनीभोवती लाल गोल, आणि खाली ओळ: ‘अशा प्रकारे कपडे वाळत घालणाऱ्यांना पुढील महिन्यापासून ५०० रुपये दंड.’

ती बाल्कनी माझी आहे. गोलात दिसतात त्या दोन चादरी आणि जुन्या लुगड्याच्या चार घड्या माझ्या सासूबाईंच्या अंथरुणातल्या आहेत. त्या ८६ वर्षांच्या आहेत आणि दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. रोज सकाळी त्यांच्या अंगाखालच्या घड्या बदलाव्या लागतात, चादर दिवसाआड, कधी रोजच. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हे धुणं साठवून ठेवता येत नाही आणि सावलीत अर्धवट वाळवून चालत नाही. कडक ऊन लागल्याशिवाय त्याचा वास जात नाही.

फोटो बघून मी दोन दिवस गप्प राहिले. मग परिपत्रक दारात आलं आणि त्यातल्या तिसऱ्या मुद्द्यावर गप्प बसणं मला शक्य झालं नाही. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पहिला मुद्दा: इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा राखण्यासाठी बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. दुसरा: गच्चीवर सौर पॅनेल आणि वॉटरप्रूफिंग असल्याने गच्ची कायम बंद राहील. तिसरा: सभासदांच्या सोयीसाठी समितीने एका विक्रेत्याशी बोलून कपडे वाळवण्याच्या ड्रायरसाठी घाऊक दर ठरवला आहे, इच्छुकांनी नावं द्यावीत.

पत्र खुलं लिहिते आहे ते याच तिसऱ्या मुद्द्यामुळे. ठाण्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या सोसायटीतही दोऱ्या काढायला लावल्या आहेत. एकेक सोसायटी असं ठरवत गेली, तर वर्षातले आठ महिने भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात आपण कोळसा जाळून कपडे वाळवू लागू. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हा हिशेब मला न मांडता राहवत नाही.

आधी कार्यपद्धतीबद्दल थोडक्यात. हा निर्णय सर्वसाधारण सभेत झालेला नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७२ प्रमाणे संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. इथे राहायला आल्यापासून मी एकही वार्षिक सभा चुकवलेली नाही, आणि कुठल्याच सभेत धुण्याचा विषय आलेला मला आठवत नाही. दंड लावायचा, गच्ची कायमची बंद करायची, असे निर्णय समितीच्या पाच-सहा जणांनी संध्याकाळच्या बैठकीत घ्यायचे नसतात. रंगाचा ठेकेदार ठरवताना तुम्ही तीन सभा घेतल्या होत्या. तेव्हा ते योग्यच केलं होतं.

आता विजेचं. ओल्या कपड्यातलं एक लिटर पाणी वाफ होऊन जायला सुमारे ०.७ युनिट उष्णता लागते. ती उन्हातून आली काय नि हीटरमधून आली काय, लागते तेवढीच. मशीनमधून पिळून निघालेल्या सहा किलो सुती कपड्यांत तीन-साडेतीन लिटर पाणी सहज राहतं. म्हणजे साध्या हीटरचा ड्रायर एका खेपेला दोन-अडीच युनिटच्या खाली उतरूच शकत नाही, आणि वाया जाणारी उष्णता धरली की तीन युनिट होतात. हीट पंपवाले, म्हणजे तीच उष्णता फिरवून पुन्हा वापरणारे ड्रायर निम्म्या विजेत काम करतात हे मला माहीत आहे. पण ते महाग असतात, आणि तुम्ही दर ठरवलेलं मॉडेल साध्या हीटरचं आहे. पत्रकावर २००० वॉट लिहिलेलं आहे.

एका घरात आठवड्याला चार खेपा धरा. बारा युनिट. वर्षाचे ६२४. आपल्या १६८ घरांपैकी निम्म्यांनी ड्रायर घेतला तर ८४ घरांचे मिळून वर्षाला ५२,४१६ युनिट. आता गच्चीवर जाऊ. आपण मोठ्या अभिमानाने बसवलेला सौर प्रकल्प २० किलोवॉटचा आहे. महाराष्ट्रात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, म्हणजे वर्षाला साधारण २९,००० युनिट. त्या प्रकल्पाच्या उद्घाटनाला मीही आले होते, पेढे वाटायला मीही होते. गच्चीवरचं ऊन पकडून आपण जेवढी वीज तयार करतो, तिच्या पावणेदोन पटीहून जास्त वीज त्याच गच्चीवरचं ऊन कपड्यांना नाकारल्यामुळे खर्च होणार आहे. हा हिशेब समितीत कुणी केला होता का, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

उरलेली वीज येते ती बरीचशी कोळशाची. चंद्रपूरहून, कोराडीहून, खापरखेड्याहून. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा हिशेब आहे. ५२ हजार युनिटांचे होतात ३६ टनांच्या वर. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या चंद्रपूरच्या लोकांनी आपल्या दर्शनी भागासाठी त्या धुराड्यांखाली का राहायचं?

खिशाचंही बोलते, कारण सभेत शेवटी तेच विचारलं जातं. ६२४ युनिट म्हणजे महिन्याला ५२. ज्या घराचं बिल आज २७० युनिटांचं आहे ते ३२२ वर जाईल, आणि ३०० ओलांडले की वरच्या युनिटांचा दर एकदम चढतो. घाऊक दरात वाचलेले पैसे कुठे जातील ते यावरून कळेल.

पाण्याची तक्रार वेगळी आहे, आणि ती नुसत्या ड्रायरची नाही. परिपत्रकात ‘टू-इन-वन’ मशीनचाही पर्याय दिला आहे. धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये. यातल्या बऱ्याच मशीन वाळवतानाही पाणी घेतात. कपड्यांतून निघालेली वाफ थंड करण्यासाठी आत गार पाणी सोडलं जातं आणि ते तसंच गटारात जातं. मार्च उजाडला की आपल्या दारात टँकरची रांग लागते. खडकवासल्याचं पाणी आपल्याला दिवसाआड, तेही दीड तास. आणि आपण कपडे सुकवायला पाणी वापरणार?

धुण्याकडे समितीला खरंच लक्ष द्यायचं असेल तर पार्किंगच्या टोकाला जाऊन सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या टाकीत डोकवा. मी परवा ऑपरेटर दादांना विचारून झाकण उघडायला लावलं. हातभर जाड पांढरा फेस होता, वर करड्या रंगाची साय धरल्यासारखा. ‘रविवारी तर झाकणातून बाहेर येतो,’ दादा म्हणाले. रविवारी सगळ्यांच्या मशीन एकदम चालतात. फेस मारायचं औषध आपण विकत आणतो, त्याचं बिल मेंटेनन्समधून जातं, आणि तरी तिथून फ्लशला येणाऱ्या पाण्याला वास येतो म्हणून दर सभेत भांडण होतं.

फेसाचं मूळ आपल्याच डब्यांत आहे. आपलं बोअरचं पाणी जड आहे. जड पाण्यात साबण नीट लागत नाही, म्हणून घरोघरी एका मापाऐवजी दोन मापं पावडर पडते. मीही टाकायची. गेल्या दिवाळीपासून मी एकच माप टाकते, मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावत नाही आणि पाणी तापवत नाही. मशीनमधलं १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सहा दशांश युनिट लागतं. नुसतं फिरवायला त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. गरम पाणी फक्त सासूबाईंच्या घड्यांना वापरते, बाकी घराचं धुणं गार पाण्यात स्वच्छ निघतं. कॉलर आणि बाह्या आधी हाताने चुबकून घेतल्या की पुरतं. जीन्स एकदा घातली की लगेच धुण्यात टाकायची सवय घरातल्या मुलांनी सोडली आहे. रात्रभर वाऱ्यावर टांगली की दोन-तीन वेळा सहज घालता येते. हे काही फार मोठं नाही, पण १६८ घरांनी केलं तर टाकीच्या झाकणातून फेस बाहेर यायचा थांबेल, असं ऑपरेटर दादाही म्हणतात.

आणि टाकीतून सुटतं ते पाणी नाहीसं होत नाही. मुळा-मुठेतून भीमेत जातं, भीमेतून उजनीत. तेच पाणी सोलापूर पितं, त्याच भीमेत पंढरपूरला लोक स्नान करतात. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस वारीच्या दिवसांत आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आहे. तो सगळा कपड्यांच्या पावडरचा नाही, कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी त्यात आहे. पण आपण वाटा किती घालतो एवढं तर आपल्या हातात आहे. यावर एक ओळ परिपत्रकात असती तर मी तुमचं मनापासून अभिनंदन केलं असतं.

आता ज्यांचं नाव परिपत्रकात कुठेच नाही त्यांच्याबद्दल. बी आणि सी विंगमधल्या नऊ घरांचं धुणंभांडी एक मावशी करतात. त्यातल्या चार घरांत मशीन नाही. त्या हाताने धुतात, हातानेच पिळतात. मोठी चादर एकटीने किती पिळली जाणार? ती निथळतच दोरीवर पडते. बाल्कनी बंद, गच्ची बंद, घरात ड्रायर नाही. मग पिळे कुठे टाकायचे? मागच्या सोमवारी त्यांनी एका घरातली ओली चादर जिन्याच्या कठड्यावर टाकली, तर सुरक्षारक्षकाने ती उचलून खाली नेली. ‘ताई, मी कुणाचं ऐकू?’ असं त्या मला विचारत होत्या. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते समितीने द्यावं.

समितीचं म्हणणं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. पाणी खाली ठिबकतं ही तक्रार खरी आहे, आणि त्यात माझाही दोष आहे. एप्रिलमध्ये माझ्या चादरीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांवर पडलं. चार किलो गव्हाचा चीक, रात्रभर राबून घातलेल्या कुरडया. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. त्या दिवसापासून मी चादर मशीनमध्ये जास्तीत जास्त वेगाने पिळून काढते आणि मगच बाहेर टाकते. कठड्याबाहेर काही लोंबू देत नाही. छताला कप्पीचं स्टँड लावून घेतलं, दोरी ओढली की नळ्या खाली येतात, कपडे घातले की वर जातात. फोटोत ते दिसतं. नीट पाहिलंत तर चादरी कठड्याच्या आतच आहेत.

म्हणजे नियम हवा तो ठिबकण्याबद्दल. वाळवण्यावर बंदी कशाला? कपडे दिसू नयेत ही अपेक्षाच मला समजत नाही. आपल्यापैकी बरेच जण वाड्यांत आणि चाळींत वाढलो. तिथे छताजवळच्या वलणीवर काठीने साड्या सरकवल्या जायच्या. पोरांची ती पहिली कामगिरी असायची. दोरीवरच्या धुण्याने कुणाच्या घराची किंमत कमी झालेली मी तरी पाहिली नाही. घर बघायला आलेल्या माणसाला टँकरची रांग आणि फ्लशचा वास आधी दिसतो.

असे नियम बाहेरून आले आहेत, तर बाहेर काय झालं तेही बघा. माझी भाची कॅलिफोर्नियात राहते. तिथल्या घरमालकांच्या संघटना वर्षानुवर्षं दोऱ्यांना बंदी करत होत्या. २०१५ मध्ये त्या राज्याने कायदा केला की माणसाला स्वतःच्या अंगणात दोरी किंवा रॅक लावण्यापासून संघटना सरसकट अडवू शकत नाही. फ्लोरिडात तर अशी तरतूद त्याच्याही आधीपासून आहे. ज्या देशात घरोघरी ड्रायर आहेत तिथे लोक दोरीचा हक्क कायद्याने परत मिळवत आहेत, आणि आपण तो परिपत्रकाने सोडून देतो आहोत.

पावसाळ्याचं काय, असं सचिवसाहेबांनी लिफ्टमध्ये मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात तीन-तीन दिवस कपडे वाळत नाहीत, घरभर कुबट वास सुटतो. त्यावर उपाय आहे. क्लबहाउसच्या मागची खोली रिकामी आहे, तिथे फक्त जुन्या खुर्च्या पडल्या आहेत. दोन छतपंखे आणि भिंतीला नळ्या लावल्या तर तिथे एका वेळी दहा-बारा घरांचे कपडे वाळतील. ७५ वॉटचा पंखा आठ तास फिरला की ०.६ युनिट होतं. दोन पंख्यांचे १.२ युनिट, आणि त्यात दहा घरांचं भागतं. अगदीच नड असेल, कुणाकडे बाळंतीण असेल, आमच्यासारखं आजारी माणूस असेल, त्यांच्यासाठी त्याच खोलीत सोसायटीने हीट पंपाचा एक ड्रायर ठेवावा. वापरेल त्याने युनिटमागे पैसे द्यावेत. मी स्वतः त्याच्या वर्गणीत पहिले पाच हजार भरायला तयार आहे.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

दंडाचं परिपत्रक आजच स्थगित करावं आणि विषय ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. सभेपूर्वी कुणाकडून दंड घेतला असेल तर तो परत करावा.

गच्चीचा पूर्वेकडचा भाग पॅनेलपासून बराच लांब आहे. तो सकाळी सात ते संध्याकाळी सहा या वेळात धुण्यासाठी उघडावा. वॉटरप्रूफिंगला खिळे नकोत हे मान्य. सुटे लोखंडी स्टँड ठेवता येतात, त्यांना खालून रबर लावता येतं. कोणत्या विंगने कोणत्या दिवशी जायचं याची पाळी लावून देण्याचं काम मी आणि सी विंगमधल्या दोन सभासद घेऊ.

बाल्कनीसाठी नियम साधा असावा: कपडे पिळलेले असावेत, कठड्याच्या आत असावेत आणि खाली पाणी ठिबकू नये. जो मोडेल त्याला जरूर बोलवा, मलाही.

ड्रायरच्या घाऊक खरेदीतून समितीने बाहेर पडावं. ज्याला घ्यायचा तो स्वतःच्या पैशाने घेईल, पण समितीने एका हाताने दोरी काढून दुसऱ्या हाताने विक्रेत्याचं पत्रक देऊ नये.

प्रक्रिया प्रकल्पाच्या पाण्याची तपासणी दर महिन्याला होते. तिचे आकडे सूचनाफलकावर लावावेत. बोअरच्या पाण्याचा जडपणा तपासून एका खेपेला किती पावडर पुरे होते, याचं एक पान प्रत्येक घरात द्यावं. ते लिहून द्यायला मी तयार आहे, मावशींना समजेल अशा मराठीत.

आणि तो फोटो ग्रुपवरून काढावा. आजारी माणसाच्या अंथरुणातले कपडे लाल गोलात दाखवण्याची वेळ यायला नको होती.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी गच्चीच्या दारापाशी टेप घेऊन उभी राहीन. पॅनेलपासून पूर्वेच्या कठड्यापर्यंत किती जागा आहे ते आपण मिळून मोजू. किल्ली सुरक्षारक्षकाकडे नाही, सचिवसाहेबांकडे आहे. कृपया ती घेऊन यावं.

आपली नम्र,
बी विंगमधली एक सभासद